रोह्याची सून : दुर्गाबाई देशमुख

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावयाचे, हा आपला जुना परिपाठ आहे. अहिल्याबाई, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे यांची चरित्रे आपण वाचली, एकमेकींना सांगितली, मुलींकडून स्नेहसंमेलनात वठवूनही घेतली. यंदा जे नाव घ्यावयाचे ठरविले आहे ते महाराष्ट्रात जन्मलेल्या स्त्रीचे नाही. तरीसुद्धा ते आपल्या घरातले आहे, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला पोहोचतो, तो कसा ते आधी सांगते.

रोह्यात चिंतामणराव देशमुखांचे नाव ऐकले नाही असा माणूस विरळा. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी त्यांचा जन्म झाला आणि बालपण रोह्यास गेले. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला नंबर आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१८ साली विलायतेत आय. सी. एस.च्या परीक्षेतही पहिला नंबर, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० साली देशाचे अर्थमंत्री, १९५२ च्या निवडणुकीत आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर. एवढी यादी आपल्याकडची शाळकरी मुलेसुद्धा घडाघडा म्हणून दाखवितात. पण १९५३ साली ज्या बाईने या देशमुखांच्या घरात पाऊल टाकले, तिची ओळख आपल्याला त्या मानाने फारच थोडी. आणि गंमत अशी की चिंतामणरावांचे रिझर्व्ह बँकेतले काम आपल्या चुलीपर्यंत पोहोचले की नाही हे सांगणे कठीण. दुर्गाबाईंचे काम मात्र खेडोपाडीच्या महिला मंडळांच्या थेट उंबरठ्यावर येऊन उभे राहिले होते. चार बायका एकत्र येऊन मुलांसाठी काही करू म्हणतात, तेव्हा त्यांना पैसा कोठून मिळावा, आणि तो मिळाल्यावर काम त्यांच्याच हाती कसे राहावे, हा प्रश्न ज्या मंडळाला पडला नाही असे मंडळ नाही. दुर्गाबाईंनी आयुष्याची उत्तम वर्षे याच प्रश्नापायी वेचली.

त्यांचा जन्म १५ जुलै १९०९ चा, आंध्रातील राजमहेंद्रीचा. गोदावरी आपल्या नाशिकाहून निघते आणि समुद्राला मिळण्यापूर्वी ज्या गावावरून विस्तीर्ण पात्राने वाहते, तेच हे गाव. वडील रामराव आणि आई कृष्णवेणम्मा. घर मध्यम स्थितीतले, पण वडिलांना लोकांच्या अडीअडचणीस धावून जाण्याची सवय. ते फार लवकर वारले. आई पुढे काँग्रेसच्या कामात पडली. दुर्गा अवघी आठ वर्षांची असताना एका जमीनदार घराण्यातल्या मुलाशी तिचे लग्न लावून देण्यात आले होते. त्या काळी यात कोणाला वावगे वाटले नसेल. आपल्या आज्यांची लग्नेही याच वयात झाली. दुर्गेला मात्र कळू लागल्यावर ते फार वावगे वाटले, आणि तिचे वेगळेपण येथूनच सुरू होते.

दहा-बारा वर्षांच्या वयात तिने हिंदीचा अभ्यास सुरू केला. शाळेत इंग्रजी माध्यम आले म्हणून तिने शाळा सोडली आणि घरीच आजूबाजूच्या मुलींना व बायकांना गोळा करून हिंदी शिकवावयास आरंभ केला. ही तिची बालिका हिंदी पाठशाळा. शिक्षिका परकरातली आणि विद्यार्थिनींमध्ये तिच्या आईच्या वयाच्या बायका! ज्या मुलीने स्वतः पाचवीच्या पलीकडे शाळा पाहिली नव्हती, तिने शाळा काढावी हे धाडसच होते. पण पुढच्या साऱ्या आयुष्यात त्यांची रीत हीच राहिली. जे आपल्याला मिळाले नाही, ते दुसरीला मिळवून देण्याच्या निमित्ताने आपणही शिकावयाचे.

१९२१ च्या एप्रिलमध्ये गांधीजी काकीनाड्यास यावयाचे होते. त्या वेळची हकीकत जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. काकीनाड्यात देवदासींची वस्ती होती, आणि पडद्यात राहणाऱ्या मुसलमान स्त्रियाही पुष्कळ होत्या. सभेला येणे या दोहोंनाही शक्य नव्हते, एकींना समाज येऊ देत नसे आणि दुसऱ्यांना घर. बारा वर्षांच्या दुर्गेच्या मनाने घेतले की गांधीजींनी या बायकांशी बोलले पाहिजे. ती स्वागतमंडळींकडे गेली. पोरीची कटकट टाळावी म्हणून त्यांनी तिला सांगितले, की गांधीजींच्या थैलीसाठी पाच हजार रुपये आणून दिलेस तर त्यांची थोडी मिनिटे तुला मिळतील. पाच हजार! त्या काळचे पाच हजार! मंडळींची समजूत अशी की पोर आता परत येणार नाही.

दुर्गा तेथून निघाली ती सरळ देवदासींच्या घरी गेली. त्यांनी आपापसांत वर्गणी काढून रक्कम जमविली. आता सभेला जागा हवी. एका शाळेचे आवार मोठ्या मिनतवारीने मिळाले. गांधीजी आले, ते ठरलेल्या थोड्या मिनिटांवर न थांबता अर्ध्या तासाहून अधिक वेळ बायकांशी बोलत राहिले. ते हिंदीत बोलत आणि दुर्गा त्याचे तेलुगू करून सांगे. बोलणे संपले तेव्हा बायकांनी अंगावरचे दागिने काढून त्यांच्यापुढे ठेवले, ते सुमारे पंचवीस हजारांचे भरले असे सांगतात. तेथून गांधीजी गावच्या मोठ्या सभेस गेले. नेहमीचे दुभाषी उभे राहिले, तेव्हा त्यांना बाजूस सारून गांधीजींनी त्या मुलीलाच भाषांतर करावयास सांगितले. हजारोंच्या सभेत बारा वर्षांची पोर त्यांच्या शेजारी उभी राहून तेलुगूत बोलली. घरी आल्यावर तिने विलायती कपड्यांची होळी केली आणि हातातल्या बांगड्या देऊन टाकल्या.

या गोष्टीत बहुतेक लोकांना भाषांतराचे कौतुक वाटते. मला विचाराल तर त्याहून मोठी गोष्ट ती की ही मुलगी पैशासाठी प्रतिष्ठितांच्या दारी गेली नाही. ज्यांच्यासाठी सभा, त्यांच्याकडेच ती गेली, आणि ज्यांना गाव हलके लेखीत होते त्यांनीच ती सभा स्वतःच्या बळावर उभी केली.

दोनच वर्षांनी, १९२३ मध्ये, काकीनाड्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले. दुर्गा तेथे स्वयंसेविका होती आणि खादी प्रदर्शनाच्या दारावर तिकिटे पाहण्याचे काम तिच्याकडे होते. विनातिकीट कोणासही सोडावयाचे नाही, अशी आज्ञा. जवाहरलाल नेहरू आले. त्यांच्याजवळ तिकीट नव्हते आणि तिकिटापुरते दोन आणेही खिशात नव्हते. मुलीने त्यांना दारातच अडविले. भोवतालची मंडळी तिच्यावर रागावली. शेवटी कोणीतरी तिकीट काढून आणले तेव्हाच नेहरू आत गेले, आणि रागावलेल्या मंडळींपुढे त्यांनी त्या मुलीची पाठ थोपटली. पुढे याच दोघांची गाठ दिल्लीस कितीदा तरी पडावयाची होती, आणि दरवेळी दुर्गाबाई काही ना काही हिशेब मागावयास उभ्याच होत्या.

लग्नाचा प्रश्न त्यांनी पंधराव्या वर्षाच्या सुमारास सोडविला. नांदावयास जाण्याचे वय झाले तेव्हा त्यांनी नवऱ्यास स्पष्ट सांगितले, की आपले मन या संसारात नाही, आपण देशाच्या कामाला वाहून घेणार, तरी तुम्ही दुसरे लग्न करावे. घरच्यांनी त्यांना साथ दिली. त्या गृहस्थांनीही दुसरे लग्न केले, आणि मनात कटुता राहिली नाही. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीस दुर्गाबाईंनी आपल्या संस्थेत शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे केले. या नात्याला आपल्या भाषेत जो शब्द आहे तो चांगला नाही. पण त्या दोघींनी त्याला जो अर्थ दिला तो चांगला होता.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्याकडे शिरोड्याला आणि चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाला जे झाले ते आपण वाडवडिलांकडून ऐकले आहे. मद्रासेत सत्याग्रहींच्या पुढे दुर्गाबाई होत्या, वय वर्षे एकवीस. त्यांना अटक झाली. १९३० ते १९३३ या काळात त्या तीनदा तुरुंगात गेल्या. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांना साध्या गुन्हेगार म्हणून आलेल्या बायका भेटल्या. त्यांतल्या कित्येकींना आपल्यावर आरोप कोणता, कागदावर अंगठा कशासाठी उठविला, हेही ठाऊक नव्हते. काहींनी न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिलेली होती. कायदा शिकावयाचा, हे दुर्गाबाईंनी तेथेच ठरविले. शेवटची शिक्षा त्यांनी मदुरेच्या तुरुंगात एकांत कोठडीत काढली. शेजारच्या कोठड्यांत फाशीचे कैदी होते. त्या दिवसांनी त्यांच्या प्रकृतीवर जो आघात केला, तो भरून निघण्यास बराच काळ लागला. सुटल्यावर त्यांनी राजकारण बाजूस ठेवले आणि पाटी-पुस्तक हाती घेतले.

तोवर त्यांना इंग्रजी जवळजवळ येतच नव्हते. चोवीस-पंचवीस वर्षांची, तीनदा तुरुंगवास भोगलेली, सभा गाजविलेली बाई एबीसीडीपासून आरंभ करते, हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. बनारस हिंदू विश्वविद्यालयाची मॅट्रिकची परीक्षा त्यांनी बाहेरून दिली आणि पुढच्या शिक्षणासही त्या बनारसला गेल्या. त्यांना शिकावयाचे होते राज्यशास्त्र, आणि ते बायकांनी शिकावे हे तेथील थोरांना मान्य नव्हते. म्हणून त्या वाल्टेरला आंध्र विश्वविद्यालयात आल्या. तेथे अडचण निराळी. मुलींना वसतिगृह नाही, सबब प्रवेश नाही. दुर्गाबाईंनी शिकू इच्छिणाऱ्या मुली शोधल्या, एक घर पाहिले, आणि वसतिगृह स्वतःच उघडून पुन्हा कुलगुरूंपुढे उभ्या राहिल्या. आता नकाराला कारण उरले नव्हते. राज्यशास्त्राची पदवी घेऊन त्या मद्रासला आल्या आणि १९४२ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. पुढे काही वर्षे त्यांनी मद्रासच्या न्यायालयात वकिली केली.

या धडपडीच्या मधल्या काळात जे एक छोटेसे रोपटे लागले, त्यासाठीच खरे तर हा लेख लिहिला आहे. मद्रासच्या मैलापूर भागात दुर्गाबाई राहत होत्या, तेथे लहान मुलींचा एक क्लब होता. नाव मोठे गोड, वृंदावनातल्या चिमुकल्या बाया अशा अर्थाचे इंग्रजी नाव. मुली जमत, खेळत, गात, नाटुकली करीत. दुर्गाबाई त्यांच्यांत मिसळल्या. मुलींच्या मागोमाग त्यांच्या आया येऊ लागल्या, आत्या-मावश्या येऊ लागल्या. घरी बसून राहिलेल्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्या, विधवा झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बायकाही येऊ लागल्या. एकीला हिंदी शिकावयाचे, दुसरीला शिवण, तिसरीला नुसतेच कोणाशी तरी बोलावयाचे. दुर्गाबाई स्वतः ज्या वाटेने गेल्या होत्या ती बनारसच्या मॅट्रिकची वाट त्यांनी या बायकांना दाखविली. मोठ्या वयाच्या बाईला शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून दहा वर्षे बसविणे शक्य नाही. पण तिला जगाचा अनुभव आहे, समज आहे, म्हणून दहा वर्षांचे काम ती दोन वर्षांत उरकू शकते, हे त्यांनी स्वतःवर पडताळून पाहिले होते. १९३७ साली या मुलींच्या क्लबातूनच आंध्र महिला सभा उभी राहिली.

आंध्र महिला सभेचा पुढचा विस्तार फार मोठा आहे. प्रसूतिगृह, परिचारिकांचे शिक्षण, मुलींची वसतिगृहे, शाळा, अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र, आणि पुढे हैदराबादेस मुलींचे महाविद्यालय व प्रौढ साक्षरतेचे काम. या साऱ्याचे मूळ चार मुलींच्या खेळात आहे. आपल्याकडे मोठी माणसे मुलांच्या कार्यक्रमाला करमणूक समजतात. फुगे, खाऊ, एक भाषण, आणि पुन्हा पुढच्या वर्षी. दुर्गाबाईंच्या लक्षात एक गोष्ट बरोबर आली होती. मूल घराबाहेर दोन तास सुरक्षित राहिले, तर ते दोन तास त्याच्या आईचे होतात. मुलांसाठी जागा करा, बायकांना जागा आपोआप होते.

घटनासमितीतले त्यांचे काम येथे थोडक्यात सांगते, कारण ते पुस्तकांतून आलेले आहे. १९४६ साली मद्रास प्रांतातून त्या निवडून गेल्या. सभापतींच्या तालिकेवर त्या एकट्याच स्त्री होत्या. त्यांनी दुरुस्त्या सुचविल्या त्या शेकड्यांनी मोजाव्या लागतील. राज्यसभेच्या सभासदाची वयोमर्यादा पस्तीसवरून तीसवर आली, ती सूचना त्यांची. हिंदू स्त्रीला वडिलांच्या इस्टेटीत वाटा असावा म्हणून त्या हट्टाने भांडल्या. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र त्यांचा पराभव झाला. घटना घडविणाऱ्या बाईला मतदारांनी घरी बसविले! त्या फार दिवस बसल्या नाहीत. नेहरूंनी त्यांना नियोजन मंडळावर घेतले आणि समाजकल्याणाचा विषय त्यांच्याकडे आला.

नियोजन मंडळाच्या कामात चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री म्हणून होतेच. त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना या इंग्रज. १९४९ साली त्यांचे निधन झाले होते आणि एकुलती मुलगी परदेशी होती. संस्कृतात रमणारा, मेघदूताचे मराठीत भाषांतर करणारा हा अबोल विद्वान, आणि तुरुंगात, कोर्टात व सभांत वाढलेली ही फटकळ तेलुगू बाई. दोघांत मेळ कसा बसला याचे दिल्लीत अनेकांना नवल वाटले असेल. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांचा विवाह अगदी साधेपणाने झाला. साक्षीदारांत पंडित नेहरू होते, तेच ते, तिकिटावाचून दारात अडविलेले! वराचे वय सत्तावन्न आणि वधूचे त्रेचाळीस. त्या काळी आपल्या भागात असे लग्न झाले असते तर आळीभर चर्चा झाली असती. पुढे दुर्गाबाईंनी या सहजीवनावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, चिंतामण आणि मी अशा अर्थाचे त्याचे नाव आहे.

त्याच वर्षी, १९५३ च्या ऑगस्टमध्ये, केंद्रीय समाजकल्याण मंडळाची स्थापना झाली आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांना मदत म्हणून चार कोटी रुपये ठेवण्यात आले होते, ते या मंडळाने वाटावयाचे. हे मंडळ का लागले, ते समजून घेतले पाहिजे. स्वातंत्र्यापूर्वी अनाथालये, बालसंगोपनगृहे, महिलाश्रम ही लोकांच्या देणगीवर चालत. संस्थाने गेली, मोठमोठे दाते गेले, महागाई वाढली, आणि लोक म्हणू लागले की आता आपले सरकार आले, तेच सगळे पाहील. अनेक जुन्या संस्था अडचणीत आल्या. एक उपाय असा की सरकारने त्या सर्व ताब्यात घेऊन आपले नोकर नेमावेत. दुर्गाबाईंना तो पटला नाही. नोकर ठरल्या वेळी येईल आणि ठरल्या वेळी जाईल. पण रात्री तापलेल्या मुलाच्या उशाशी शेजारीणच बसेल, आणि तिला सरकारी हुद्दा देता येत नाही, हे त्या जाणून होत्या. म्हणून त्यांनी असे मंडळ मागितले की ज्यात पैसा सरकारचा असेल, आणि तो कोणाला, कशासाठी द्यावयाचा हे ठरविणारांत प्रत्यक्ष काम केलेल्या बिनसरकारी स्त्रिया असतील. राज्याराज्यांतून अशीच सल्लागार मंडळे निघाली, आणि त्यांच्या अध्यक्षपदीही समाजकार्य केलेल्या स्त्रिया आल्या.

अनुदानाला त्यांनी एक अट जोडली होती. काही भाग संस्थेने किंवा गावाने स्वतः उभा केला पाहिजे. पैशाने म्हणा, जागेने म्हणा, श्रमाने म्हणा. ही अट जाचक आहे, गरीब गावाने पैसा आणावा कोठून, अशी तक्रार तेव्हाही होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. ज्या गावात दोन वेळची पेज कशीबशी भागते, तेथे वर्गणीची वही फिरविताना काय वाटते ते आपण जाणतो. सधन गावांना अनुदान आधी मिळावे आणि खरी गरजू वाडी मागे राहावी, असे या अटीमुळे होत असणार. पण दुर्गाबाईंच्या मनात काकीनाड्याच्या देवदासी असाव्यात. ज्या कामात आपली चार आणे वर्गणी आहे, त्या कामाचा हिशेब बाई जाब विचारून घेते. फुकट मिळालेल्याचा हिशेब कोणी मागत नाही.

१९५४ पासून खेड्यांसाठी कल्याण विस्तार योजना सुरू झाल्या. एका योजनेत सुमारे पंचवीस गावे. बालवाडी, बाळंतिणीची व तान्ह्या मुलांची देखभाल, बायकांना साक्षरता, शिवण-विणकाम, असे त्यांचे स्वरूप. ग्रामसेविका आणि शिकलेली सुईण गावात राहावयाची, आणि देखरेख करणाऱ्या समितीत त्या भागातल्याच बायका. १९६१ पासून हे काम खुद्द महिला मंडळांकडे सोपविण्याचे धोरण आले.

बालवाडी हा शब्द आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागची मेहनत दिसत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि खेड्यातल्या मुलांना शंख-शिंपल्यांनी, बियांनी, पानाफुलांनी शिकविता येते हे त्या दोघींनी दाखवून दिले. महागडी विलायती साधने नसली तरी बालवाडी चालते, हे त्यांनी सिद्ध केले नसते तर समाजकल्याण मंडळाच्या पैशात कितीशा बालवाड्या निघाल्या असत्या? आणि समाजकल्याण मंडळासारखी पैशाची वाट निघाली नसती, तर बोर्डीचा प्रयोग खेडोपाडी पोहोचावयास आणखी किती वर्षे लागली असती, तेही सांगवत नाही.

आपल्या भागाचे उदाहरण घ्या. लावणीच्या दिवसांत पेण-रोह्याकडची बाई पहाटे खाचरात उतरते ती दिवेलागणीला वर येते. तान्हे मूल बांधावर इरल्याखाली, आणि त्याच्यावर लक्ष ठेवावयास पाच-सहा वर्षांची बहीण. म्हणजे एका मुलाच्या संगोपनासाठी दुसऱ्याची शाळा बुडते. कातकरी कुटुंब तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जाई, ते पोराबाळांसकट. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हंगामात माती मळण्यापासून रंगकामापर्यंत बायकांचे हात असतात, त्यांच्याही पायांत मुले घोटाळतच असतात. अशा ठिकाणी बालवाडीचा उपयोग अक्षरे गिरविण्यापुरता नसतो. त्या पाच वर्षांच्या बहिणीची सुटका हा तिचा पहिला उपयोग. १९७५ साली सरकारने देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाड्या आल्या, त्यापूर्वीची दोन दशके ही उणीव थोडीबहुत भरून काढली ती अशा बालवाड्यांनी.

१९५८ साली त्यांनी आणखी एक योजना काढली, आणि माझ्या मते ती सर्वांत त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेली. प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम. शाळा सुटलेल्या, विशेषतः विधवा व परित्यक्ता स्त्रियांना दोनेक वर्षांत परीक्षेपर्यंत नेऊन पोहोचवावयाचे, म्हणजे त्या शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका, बालसेविका होऊ शकतील. खेड्यांत बालवाड्या काढावयाच्या तर शिक्षिका कोठून आणावयाच्या, याचे हे उत्तर होते. शहरातली मुलगी गावात राहावयास तयार होत नाही. गावातच जी बाई दुसऱ्याच्या दारी दळणकांडण करीत बसली आहे, तिलाच शिकवा. मैलापूरच्या क्लबात जे पाच-पंचवीस बायकांपुरते होते ते आता देशभर झाले.

मधल्या काळात घरी एक कसोटीचा प्रसंग येऊन गेला. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत या राजीनाम्याने आपल्या जिल्ह्यातल्या माणसांची छाती कशी फुगली होती, ते जुनी माणसे सांगत असत. दुर्गाबाईंचे समाजकल्याण मंडळ मात्र त्याच सरकारच्या पैशावर चालले होते. पती त्या सरकारातून बाहेर पडलेले आणि पत्नी त्याच्याच योजनेवर! दुर्गाबाईंनी आपले काम सोडले नाही, आणि चिंतामणरावांनी ते सोडावे असा आग्रह धरल्याचे दिसत नाही. पतीचा रुसवा तो पत्नीचाही रुसवा, असे मानणाऱ्या घरांत वाढलेल्या आपल्यांना हे थोडे नवे वाटेल.

१९५८ मध्ये स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न काही काळ तरी स्वतंत्र आणि निकडीचा मानून त्यासाठी वेगळा पैसा ठेवा, असा त्या समितीच्या अहवालाचा रोख होता. दिल्लीस अंधांच्या संस्थेचे कामही त्यांनी पाहिले; अंध मुलांसाठी शाळा, वसतिगृह आणि कार्यशाळा तेथे उभी राहिली. १९६२ साली त्यांनी दिल्लीत सामाजिक विकास परिषद स्थापन केली. १९५३ साली त्या चीनला गेल्या होत्या, तेथे कौटुंबिक तंटे चालविणारी वेगळी न्यायालये त्यांनी पाहिली. परत आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छगला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी, तसेच नेहरूंशी त्या या विषयावर बोलल्या. नवरा-बायकोच्या भांडणात वर्षानुवर्षे तारखा पडाव्यात आणि तोवर मुले इकडून तिकडे ओढली जावीत, हे त्यांना वेल्लोरपासून सलत होते. ही गोष्ट मात्र त्यांच्या हयातीत झाली नाही. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला.

उत्तरायुष्यात दोघेही हैदराबादेस जाऊन राहिले. तेथे आंध्र महिला सभेचे काम जोरात होते, आणि चिंतामणराव आपल्या परीने त्यांना हातभार लावीत. १९७५ साली दोघांनाही पद्मविभूषण मिळाले, एकाच वर्षी.

१९८१ च्या १ जानेवारीस आपल्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच वर्षी ९ मे रोजी दुर्गाबाई गेल्या. चिंतामणरावांनी त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, रोह्यापासून कितीतरी दूर हैदराबादेस, दुर्गाबाईंच्या मुलखात, त्यांनी देह ठेवला.